राजा गेला तरी वतन उरते

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

अमेरिकेच्या स्वातंत्र्याला अडीचशे वर्षे होत असल्याचे निमित्त साधून आपल्या प्रजासत्ताक दिनाच्या पुरवणीत क्रांतिकाळातील राजकीय पुस्तिकांवर आलेला लेख मी दोनदा वाचला. कोकणातल्या वाचकांपुढे हा विषय मांडल्याबद्दल आधी मनापासून आभार मानतो. परंतु त्या लेखाने सगळा वाद ‘राजा विरुद्ध प्रजा’ एवढ्यावर आणून ठेवला आहे, आणि त्यामुळे वादाचा जो भाग आपल्या किनारपट्टीला सर्वांत जवळचा आहे तोच नेमका सुटला आहे. त्या काळच्या पुस्तिका लिहिणाऱ्यांना सिंहासनाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, सतावणारा प्रश्न वंशपरंपरेचा होता. बापाकडून मुलाकडे घर जाते, शेत जाते, हे ठीक. पण अधिकार का जावा, आणि त्या अधिकाराखालची माणसे का जावीत, हा तो प्रश्न. शाळेत मी बरीच वर्षे इतिहास शिकवला आणि माझे आजोबा खोताचे, म्हणजे कोकणात वंशपरंपरेने गावचा सारा वसूल करणाऱ्याचे, कूळ होते, या दोन्ही कारणांनी हे पत्र लिहावेसे वाटले.

लेखात ‘कॉमन सेन्स’चा उल्लेख आहे. १० जानेवारी १७७६ रोजी फिलाडेल्फियात निघालेल्या या पुस्तिकेवर लेखकाचे नाव नव्हते. टॉमस पेन हा इंग्लंडात बायकांच्या कॉर्सेट शिवण्याचा धंदा केलेला, मग अबकारी खात्यातली नोकरी गमावलेला आणि १७७४ च्या अखेरीस अमेरिकेत उतरलेला माणूस होता. त्याने इंग्लंडच्या ज्या राज्यघटनेची तेव्हा सगळीकडे वाहवा होई, तिचे तीन तुकडे करून दाखवले. राजा म्हणजे जुन्या एकाधिकारशाहीचे अवशेष, उमरावांचे सभागृह म्हणजे जुन्या सरदारशाहीचे अवशेष, आणि खालचे सभागृह तेवढे प्रजासत्ताकाच्या नव्या मालाचे; पहिले दोन्ही वारशाने चालत आल्यामुळे प्रजेला त्यांच्यावर काहीच हक्क सांगता येत नाही, असे त्याचे म्हणणे. आपल्या लेखात यातला पहिला तुकडा आला आणि दुसरा गळला. राजा हटवल्यावर उमरावांचे काय करायचे, हा प्रश्न ‘कॉमन सेन्स’च्या सुरुवातीच्याच पानांत उभा आहे.

या पुस्तिकेला विरोध केवळ राजनिष्ठांकडून झाला असेही नाही. जॉन अ‍ॅडम्स हा स्वातंत्र्याचा कट्टर पुरस्कर्ता. पण पेनने सुचवलेला राज्यकारभाराचा आराखडा त्याला फार सैल वाटला, आणि त्याच वर्षी वसंतात त्याने ‘थॉट्स ऑन गव्हर्न्मेंट’ ही पुस्तिका काढली. एकाच सभागृहाच्या हाती सगळी सत्ता देऊ नये, दुसरे सभागृह हवे, असा तिचा आग्रह होता. पुढे अ‍ॅडम्सने हे मत अधिक कडक केले. श्रीमंत आणि कुलवान माणसे कोणत्याही समाजात वर येणारच, तेव्हा त्यांना वेगळ्या सभागृहात बसवून आवर घालावा, असे तो मांडू लागला. त्याचे हे भय मला पोरकट वाटत नाही. पण ज्यांना आवरायचे त्यांनाच खुर्ची देण्याचा हा उपाय मला कधी पटला नाही, आणि त्याच्या बऱ्याच समकालीनांनाही तो पटला नव्हता.

आता ज्या प्रकरणाचा लेखात एका शब्दानेही उल्लेख नाही त्याकडे येतो, कारण माझ्या मते या सगळ्या इतिहासात तेच सर्वांत बोलके आहे.

युद्ध संपत आले असताना, मे १७८३ मध्ये, अमेरिकी सैन्यातील अधिकाऱ्यांनी ‘सोसायटी ऑफ द सिनसिनाटी’ ही संस्था स्थापन केली. नांगर सोडून रोमच्या रक्षणाला गेलेला आणि काम होताच पुन्हा शेतावर परतलेला सिनसिनेटस हा तिचा आदर्श. पुढाकार हेन्री नॉक्सचा होता आणि पहिले अध्यक्षपद जॉर्ज वॉशिंग्टनकडे आले. प्रत्येक अधिकाऱ्याने एक महिन्याचा पगार निधीत घालायचा आणि त्यातून विधवांना व अडलेल्या कुटुंबांना मदत करायची, हा भाग कोणालाही खटकण्यासारखा नव्हता. खटकले ते पुढचे कलम. सभासदत्व थोरल्या मुलाकडे जायचे, त्याच्यानंतर त्याच्या थोरल्या मुलाकडे, आणि थेट वंश खुंटल्यास भाऊबंदांच्या शाखेकडे. गळ्यात घालायला निळ्या फितीवरचा सोन्याचा गरुड होताच. वंशपरंपरेच्या राज्याविरुद्ध आठ वर्षे लढलेल्या माणसांनी, तहाची शाई वाळण्याआधीच, स्वतःसाठी एक वतन लिहून घेतले होते.

हे ओळखणारा पहिला मोठा आवाज दक्षिण कॅरोलिनातील न्यायाधीश एडेनस बर्क याचा. जन्माने तो आयरिश, आणि स्वतः युद्धात राहिलेला. त्याने १७८३ मध्येच चार्ल्सटन येथे ‘कॅशियस’ या टोपणनावाने एक पुस्तिका छापली आणि ही संस्था म्हणजे वंशपरंपरागत सरदारांची जात निर्माण करण्याचा कारखाना आहे, असे स्पष्ट बजावले. आज गळ्यात पदक आहे, उद्या त्या पदकाला मान मिळेल, परवा त्या मानाला पद मिळेल, आणि मग देशात दोनच वर्ग उरतील, एक जन्माने मोठ्यांचा आणि दुसरा बाकी सगळ्यांचा, अशी त्याची मांडणी होती. त्या अधिकाऱ्यांच्या हेतूंवर प्रश्न न उठवताही ही मांडणी समजू शकते, कारण प्रश्न पहिल्या पिढीचा नव्हताच. पहिल्या पिढीने मान स्वतः मिळवला होता. नातवाने काय केले होते?

या पुस्तिकेचा प्रवास मला विलक्षण वाटतो. तेव्हा फ्रान्समध्ये असलेल्या बेंजामिन फ्रँकलिनच्या हाती ती पडली. त्याने ती मिराबो या फ्रेंच लेखकाला दिली. मिराबो स्वतः काउंट, म्हणजे जन्माने उमराव. त्याने तिचे फ्रेंचमध्ये रूपांतर करून, त्यात स्वतःचे बरेच घालून, १७८४ मध्ये लंडनला प्रसिद्ध केले आणि पुढच्याच वर्षी सॅम्युएल रोमिलीने त्याचे पुन्हा इंग्रजी केले. अमेरिकेवरच्या टीकेच्या आडून फ्रान्समधल्या सरदारवर्गावर प्रहार झाला होता. पाचच वर्षांनी हाच मिराबो सरदारांच्या बाकांवर न बसता सामान्यांच्या तिसऱ्या वर्गाचा प्रतिनिधी म्हणून निवडून आला.

फ्रँकलिनने स्वतःच्या मुलीला २६ जानेवारी १७८४ रोजी लिहिलेल्या पत्रातील हिशेब तर आपल्या शाळांत गणिताच्या तासाला सांगावा असा आहे. मुलात बापाचा अर्धा अंश, नातवात पाव, पणतवात अष्टमांश. असे करत नवव्या पिढीत मूळ वीराचा पाचशे बारावा अंश उरतो. मग सन्मान कोणाचा चालला आहे? मान द्यायचाच तर तो वर चढवावा, पराक्रमी मुलाच्या आईबापांना द्यावा, कारण त्यांनी त्याला वाढवले. खाली उतरवून काय साधते, असे तो चीनमधील रिवाजाचा दाखला देऊन विचारतो.

टीकेचा परिणाम झाला. मे १७८४ च्या फिलाडेल्फियातील सभेत वॉशिंग्टनने वारशाचे कलम काढण्याचा आग्रह धरला आणि सभेने तो मान्यही केला. पण राज्याराज्यांच्या शाखांनी तो बदल सर्वत्र स्वीकारला नाही, आणि वारसा राहिला तो राहिलाच. ही संस्था आजही आहे. मात्र १७८७ च्या राज्यघटनेत सरदारकीचा किताब अमेरिकेचे सरकार देणार नाही असे कलम आले. आपल्या संविधानाचा अनुच्छेद १८ याच विचारकुळातला आहे. लष्करी व विद्याविषयक मानचिन्हे वगळता राज्याने कोणताही किताब देऊ नये, असे तो सांगतो. प्रजासत्ताक दिनाच्या पुरवणीत या अनुच्छेदाची आठवण निघायला हवी होती.

दुसरा बर्क, म्हणजे ब्रिटिश संसदेतला एडमंड बर्क, हाही आयरिश. फ्रेंच राज्यक्रांतीला विरोध करणारे त्याचे ‘रिफ्लेक्शन्स ऑन द रेव्होल्यूशन इन फ्रान्स’ १ नोव्हेंबर १७९० रोजी निघाले. लेखात त्याची बोळवण ‘प्रतिगामी’ या एका विशेषणात केली आहे, ती मला अन्यायाची वाटते. त्याचा मुद्दा समजून घेतल्याशिवाय पेनच्या उत्तराचे वजनच कळत नाही. बर्कच्या मते समाज हा केवळ जिवंत माणसांचा करार नव्हे. गेलेले, असलेले आणि अजून जन्मायचे असलेले अशा सगळ्यांची ती भागीदारी आहे. इंग्रजांचे स्वातंत्र्यसुद्धा त्यांना पूर्वजांकडून मिळालेली आणि वंशजांकडे सोपवायची इस्टेट आहे, आणि कुटुंबात मालमत्ता टिकते म्हणूनच समाज टिकतो. कोकणी माणसाला हे परके वाटू नये. सातबाऱ्यावर चाळीस नावे आणि त्यांतली तीस मुंबईत, तरी पडक्या घराची कौले दरवर्षी चाळून घेणारे आणि आजोबांनी लावलेल्या कलमांना हात लावू न देणारे आपण आहोत. बर्क ज्या भावनेवर बोट ठेवतो ती आपल्यात पुरेपूर आहे, आणि म्हणूनच त्याला एका शब्दात उडवून लावणे धोक्याचे आहे.

पेनने ‘राइट्स ऑफ मॅन’च्या पहिल्या भागात, मार्च १७९१ मध्ये, त्याला उत्तर दिले आणि दुसरा भाग फेब्रुवारी १७९२ मध्ये काढला. मेलेल्यांनी जिवंतांवर राज्य करू पाहणे ही सर्वांत उद्धट जुलूमशाही होय, असे तो म्हणतो. जन्मसिद्ध कायदेकर्ता ही कल्पना जन्मसिद्ध गणितज्ञाइतकीच निरर्थक आहे, असेही म्हणतो. पण मला सर्वांत मोलाचे वाटणारे वाक्य दुसऱ्या भागात आहे. त्याचा आशय असा, की राज्य वारशाने मिळवणे म्हणजे गुराढोरांचे कळप मिळावेत तशी माणसे वारशाने मिळवणे होय. बर्कने एकत्र बांधलेली गाठ येथे सुटते. घर आणि कलमे वारशाने येऊ शकतात. माणसे येऊ शकत नाहीत.

किमतीचा मुद्दाही लेखात यायला हवा होता. बर्कचे पुस्तक पाच शिलिंगांचे. पेनचा पहिला भाग तीन शिलिंगांना होता, तोवर सरकारने फारसे मनावर घेतले नाही. सहा पेन्सच्या स्वस्त आवृत्त्या कारागिरांच्या हाती जाऊ लागल्या तसे वातावरण बदलले. २१ मे १७९२ रोजी राजद्रोही लेखनाविरुद्ध राजाचा जाहीरनामा निघाला आणि डिसेंबरात पेनवर त्याच्या गैरहजेरीत खटला चालून तो दोषी ठरला. सरकारी वकिलाने न्यायालयात केलेली तक्रार लक्षात ठेवण्याजोगी आहे. हे लेखन जाणत्या वाचकांपुरते राहिले असते तर चालले असते, पण ते वाटेल त्याच्या हाती कोंबले जात आहे, मुलांच्या मिठाईच्या पुड्यासुद्धा त्याच्या पानांत बांधल्या जात आहेत, असे तो म्हणाला. आपल्याकडे भजी-शेंगदाण्याच्या पुडीचा कागद उलगडून वाचायची सवय लागलेली एक अख्खी पिढी आहे, मीही त्यातलाच. त्या वकिलाला कशाची भीती वाटत होती हे आम्हांला सांगावे लागत नाही.

बर्कला पेनच्याही आधी उत्तर देणारी मेरी वोलस्टनक्राफ्ट ही इंग्रज लेखिका होती. चार आठवड्यांच्या आत, २९ नोव्हेंबर १७९० रोजी, तिची पुस्तिका बिननावाने आली आणि दुसऱ्या आवृत्तीवर तिने स्वतःचे नाव घातले. थोरल्यासाठी धाकट्यांचा आणि मुलींचा बळी देणाऱ्या वारसापद्धतीवरचा तिचा राग आजही पानावर जाणवतो. लेखात तिचे नाव नाही, ही चूक पुढच्या वेळी सुधारावी.

फ्रान्समधील आबे (पाद्री) सिएसची जानेवारी १७८९ ची पुस्तिका लेखात आली आहे, म्हणून तिच्याबद्दल एकच गोष्ट नोंदवतो. पाद्री आणि सरदार मिळून दोन लाखही भरत नाहीत आणि बाकीचे राष्ट्र अडीच कोटींचे आहे, हा त्याचा हिशेब प्रसिद्ध आहे. आपण जेत्या फ्रँकांचे वंशज म्हणून श्रेष्ठ, असे सरदार सांगत. त्यावर सिएस म्हणतो, मग त्यांनी फ्रँकोनियाच्या आपल्या रानांत परत जावे. श्रेष्ठत्वाचा दाखला म्हणून सांगितलेला विजय परकेपणाचा पुरावा म्हणून उलटवण्याची ही रीत मराठी वाचकाला लगेच ओळखू येईल. जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’त हेच हत्यार वेगळ्या हातोटीने चालवले आहे. फुल्यांनी सिएस वाचला होता असा माझा दावा नाही. पेन मात्र त्यांनी तरुणपणीच, १८४७ च्या सुमारास, वाचला होता, आणि १८७३ चे ‘गुलामगिरी’ त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केले, हे सर्वश्रुत आहे. फिलाडेल्फिया आणि लंडनमधला तो वाद अशा रीतीने दोन-तीन पिढ्यांत पुण्याच्या पेठांत पोहोचला होता.

कोकणात तो पुस्तकांतून पोहोचण्याआधी शेतात होता. खोत हा मुळात सरकार आणि रयत यांच्यामधला सारा वसूल करणारा. पण ते काम वंशपरंपरेचे झाले, त्याचे वाटे पडू लागले, आणि गावाचा कारभार भाऊबंदांत पाळीने फिरू लागला. भातशेतीची अर्धेल (निम्मे पीक) आणि वरकस, म्हणजे हलक्या, जमिनीची तिर्धेल (तिसरा हिस्सा) देऊन झाली तरी वेठ, म्हणजे फुकटची राबणूक, उरेच. माझ्या आजोबांच्या गावचा खोत वारला तेव्हा त्याच्या मुलांत वाटण्या झाल्या, आणि कोणते कूळ कोणाच्या वाट्याला गेले हे आजोबांना दुसऱ्याकडून कळले. पेनचे गुराढोरांचे वाक्य मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला हाच प्रसंग आठवला. आजोबांनी पेनचे नाव ऐकलेले नव्हते, पण आपण कोणाच्या तरी वडिलोपार्जित मालमत्तेचा भाग आहोत हे त्यांना चांगले ठाऊक होते.

आपल्याकडचा लढा कसा झाला हे वाचकांना सांगायला नको. अलिबाग तालुक्यातील चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून जमिनी न कसण्याचा संप नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली वर्षानुवर्षे चालवला. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला. ‘कॉमन सेन्स’ निघाले ती तारीखही १० जानेवारीच. हा योगायोग आहे आणि योगायोग म्हणूनच मी तो सांगतो, पण वर्गात मुलांना सांगितला की दोन्ही तारखा त्यांच्या लक्षात राहत असत. खोती नाहीशी करणारा कायदा शेवटी १९४९ चा. देश स्वतंत्र झाला त्या दिवशी, १५ ऑगस्ट १९४७ रोजी, परक्या राजाची सत्ता गेली होती आणि खोत होता. एडेनस बर्कने चार्ल्सटनला जे बजावले ते आपण प्रत्यक्ष पाहिले आहे.

पेनच्या बाजूची माणसेही आपल्याच तत्त्वापुढे कमी पडली, हे लपवू नये. ज्या दक्षिण कॅरोलिनात ‘कॅशियस’ने जन्मजात श्रेष्ठत्वावर आग पाखडली तेथे जन्मजात गुलामी निर्वेध चालू होती, आणि तिच्याविषयी त्या पुस्तिकेला काही म्हणायचे नव्हते. सिएसनेच पुढे नागरिकांची ‘सक्रिय’ आणि ‘निष्क्रिय’ अशी विभागणी सुचवली, आणि १७९१ च्या फ्रेंच घटनेने तीन दिवसांच्या मजुरीइतका कर न भरणाऱ्यांना, घरगुती नोकरांना आणि सगळ्या स्त्रियांना मताच्या बाहेर ठेवले. लेखात मात्र या पुस्तिकांना सरसकट ‘गिलोटिनची पूर्वतयारी’ म्हटले आहे, त्याला माझी हरकत आहे. राजाला मारू नका, हद्दपार करा, असे फ्रान्सच्या राष्ट्रसभेत सांगणारा पेनच होता, आणि १७९३ च्या अखेरीस त्याच राज्याने त्याला तुरुंगात टाकले.

माझी विनंती अशी आहे. आपण या पुस्तिकांतील निवडक उतारे मराठीत क्रमशः छापावेत, आणि एका पानावर दोन्ही बाजू द्याव्यात, बर्क आणि त्याच्यासमोर पेन, सिनसिनाटी संस्थेची नियमावली आणि तिच्यासमोर ‘कॅशियस’. पहिल्या मराठी वृत्तपत्राचे संपादक बाळशास्त्री जांभेकर देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. १८३२ मध्ये ‘दर्पण’ काढताना मजकूर मराठी आणि इंग्रजी अशा जोडस्तंभांत छापायचे कष्ट त्यांनी घेतले होते. आपल्याला दोन मतांचे जोडस्तंभ छापणे अवघड जाऊ नये. ते अंक गावोगावच्या वाचनालयांत आणि शाळांत पोहोचतील इतपत खर्च आम्ही काही निवृत्त शिक्षक मिळून उचलू.

‘कॅशियस’च्या मुख्य भागाचा माझा कच्चा मराठी मसुदा या पत्रासोबत जोडला आहे. त्यात वंशपरंपरागत अधिकारासाठी मी ‘वतन’ हा शब्द योजला आहे. उमरावांच्या वर्गासाठी ‘खोतशाही’ असा शब्द मनात आला होता, मंडणगडपासून देवगडपर्यंत तो कोणालाही कळला असता. पण खोताचे सभागृह नव्हते आणि उमराव सारा गोळा करीत फिरत नव्हते, म्हणून तो मोह आवरून ‘उमरावशाही’ ठेवला. बर्कचा उतारा एका कायदेशीर शब्दावर अडला आहे. वारसाला उपभोगता येते पण विकता येत नाही, तशीच पुढच्या वारसाकडे द्यावी लागते, अशा इस्टेटीला इंग्रजी कायद्यात ‘एन्टेल’ (entail) हा स्वतंत्र शब्द आहे, आणि बर्कचा सगळा युक्तिवाद त्याच्यावर उभा आहे. ‘वडिलोपार्जित’ने ते भागत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या न्यायालयांत जमिनीच्या दाव्यांची जुनी मराठी कागदपत्रे हाताळलेल्या वकील वाचकांना नेमका शब्द माहीत असल्यास त्यांनी आपल्या पत्त्यावर कळवावा.

आपला नम्र,
एक निवृत्त इतिहास शिक्षक
मंडणगड, जि. रत्नागिरी